पेटीच्या जिभेवरचं मेण

कार्तिकी पौर्णिमा, दिवस उगवायच्या बेताला. स्थळ डोंगरकडा, आमच्या घरापुढचं अंगण. हजर मंडळी अशी: दादा, म्हणजे माझे वडील, गावचे पाटील आणि काकडा समाप्तीचे यजमान. बाई, म्हणजे आई. गोदाक्का, माझी थोरली बहीण, लग्नाच्या वयाची आणि गाणं शिकणारी. साखऱ्याच्या आत्याबाई, दादांची थोरली बहीण, दोन दिवसांसाठी म्हणून आलेल्या आणि दोन महिने झाले तरी न गेलेल्या. दत्तू शिंपी, पेटीवर. हुसेनमियाँ, अक्काचे उस्ताद, सतरंजीच्या कडेला तंबोरा घेऊन. भजनी मंडळ सगळं, टाळांसकट. आणि मी, नर्मदा, परकरातली, पेटीच्या अगदी शेजारी, कारण तिथे बसण्याचं मला कारण होतं. गैरहजर कोणी नाही. माणसं मोजून घेतल्याशिवाय मला पुढचं सांगता येत नाही. माझ्या घरी अजून पंगतसुद्धा तशीच बसते.

मोजण्याची ही खोड दादांकडून आली. दादांचा देवावर विश्वास होता, पण शिक्क्याच्या मापावर जास्त होता. सरकारी शिक्का मारलेली पितळी पायली आमच्या ओसरीवर देवासारखी झाकून ठेवलेली असे, आणि कळमनुरीच्या बाजारात कोणाचं कोणाशी मापावरून वाजलं की माणसं पायी चालत आमच्याकडे येत. दादा पायली काढत, भरत, बोटानं सपाट करत, आणि ज्याची चूक निघे तो मुकाट चहा पिऊन जाई. घड्याळ त्यांच्याकडे होतं. तालुक्याच्या कचेरीतलं घड्याळ त्याच्याशी जुळलं नाही की कचेरी चुकली असं ते शांतपणे सांगत.

तर एकदा नांदेडहून येताना दादांनी पेटी आणली. त्याआधी नांदेडलाच कोणा अंमलदाराच्या मुलीचं गाणं ऐकून ते हुसेनमियाँना अक्कासाठी ठरवून आले होते. घड्याळ आवडलं तसं गाणंही आवडलं, आणि आपल्या घरी असावं असं वाटलं, इतकाच त्याचा इतिहास. पेटी एकेरी सुरांची होती, साधी, पण दादांनी तिच्यावर पायलीइतकाच विश्वास टाकला. "हे सुराचं माप हाये," ते म्हणाले. "विलायतेत बसवलेलं. याच्यात पाप न्हाई." मग घरातली एकेक वस्तू मापाला लागली. दादा भाता हलवत एक पट्टी दाबून बसत आणि मी हुकमाप्रमाणे पितळी तांब्यावर पळी मारी. तांब्या जुळला. बैलाच्या गळ्यातली घाट, म्हणजे घंटा, जुळली नाही. बाई भाकरी थापताना गुणगुणे, तेही त्यांनी दोन पट्ट्यांच्या मधे पकडलं आणि तिला तसं कळवलं. बाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगितलं की भाकरी मात्र तव्यातच पडून राहिली आहे, मधे कुठे नाही. शेवटी दादा पेटी घेऊन मारुतीच्या देवळात गेले. देवळाची घंटाही मधेच निघाली. ती ओतणाऱ्याकडे परत पाठवावी असं ते चार दिवस बोलत होते. मारुतीनं त्यांना कसं परावृत्त केलं ते मला माहीत नाही.

हुसेनमियाँ बाजाराच्या दिवशी कळमनुरीहून टांग्यानं येत. उंच, वाळके, अंगात स्वच्छ पांढरी शेरवानी आणि तोंडात पान. आमच्याकडची येसराची आमटी गळ्याचा नाश करते असं सांगून ते ती दोनदा मागून घेत. त्यांची कपबशी आणि ताटली ओसरीच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. तेव्हा मला त्यात काही वाटत नसे. आता ताटं लावताना तो कोनाडा डोळ्यांपुढे येतो आणि मी एखाद्या पाहुण्याला उगाच जास्त वाढते.

पेटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी तिच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "पाटीलसाब, ये तो बारा खूँटे हैं. बैल बांधने कू अच्छे हैं. हमारा रिखब खूँटे से बंधता नईं."

दादा पाटील होते, ते उत्तराला मागे राहणार नव्हते. "न बांधलेलं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरतं, मियाँ."

दोघंही हसले आणि दोघांनीही आपलं म्हणणं सोडलं नाही.

भांडण सगळं त्या रिखबावरून होतं, म्हणजे 'सा'च्या लगतच्या 'रे'वरून. अक्का सकाळचा भैरव शिकत होती. भैरवातला रे कोमल, पण मियाँ सांगत की नुसता कोमल नाही. तो 'सा'च्या अंगाला इतका चिकटून बसतो की नवख्याला वेगळा दिसतच नाही. चुलीपाशी शेकत बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा, जागचा न उठता नुसता डुलणारा. दुसऱ्या रागात तोच रे जरा उठून बसतो, जरा लांब सरकतो. नाव एकच, बसायच्या जागा निराळ्या. अशा बावीस जागा आहेत, त्यांना श्रुती म्हणतात, आणि पेटीला त्यातल्या बाराच ठाऊक. मला हे त्या वयात कानाला कळत नव्हतं. मला कळे ते इतकंच, की तंबोऱ्यावर गाताना अक्काचा आवाज तेलात बुडाल्यासारखा शांत लागे, आणि त्याच जागेला दादांनी पेटी दाबली की दोन्ही आवाज मिळून घुंई-घुंई करत थरथरत, दगडावरून गाडी गेल्यासारखे.

दादा त्या थरथरीला लगेच पकडत. "गोदे, खाली येऊन राहिली तू. पेटीपाशी ये."

अक्का पेटीपाशी आली की मियाँ डोळे मिटून घेत. मियाँकडे गेली की दादा पट्टी दाबत. पोरगी दोन्हीकडून बेसूर.

आत्याबाईंना सूर कळत नव्हता, पण बेसूर हा शब्द कळला. लग्नाची पोरगी पुरुषांच्या बैठकीत गाते हे त्यांना आधीच खुपत होतं, वर ती चुकीचं गाते हे खुद्द बापानं यंत्र लावून सिद्ध केलेलं. त्यांनी रोज जेवताना तेच काढलं. काहून शिकवून राहिला, कोणासाठी, सासरी काय पेटी वाजवून भाकरी मिळणार का. दादा बरेच दिवस ऐकून घेत होते. काकडा बसला त्या आठवड्यात मात्र त्यांनी ओसरीवर सगळ्यांसमोर निकाल दिला, मापाच्या तक्रारीला देत तसाच. समाप्तीच्या सकाळी गोदा देवासमोर भैरव गाईल. दत्तू पेटी धरेल. पेटी आणि पोरगी जुळली तर शिक्षण पुढे चालू. न जुळली तर तंबोरा माळ्यावर, मियाँना रामराम, आणि आत्याबाईंच्या माहितीतलं स्थळ बघायला जायचं.

 अक्कानं त्या दिवशी अंबाडीची भाजी निवडली ती पानं एकीकडे आणि काड्या एकीकडे न करता सगळी एकाच टोपल्यात टाकली. मी ती पुन्हा निवडली. मियाँनी शिकवलेलं सोडून पेटीचा रे गायची तिची तयारी नव्हती. "मला तो लागतच न्हाई गं," ती मला म्हणाली. "खोटं बोलल्यासारखं वाटतं." हे ऐकल्यावर मला कामाचा प्रश्न सरळ दिसला. अक्का पेटीपाशी जाणार नसेल तर पेटीला अक्कापाशी आणायला पाहिजे.

कसं आणायचं तेही मला ठाऊक होतं. पावसाळ्यात एका कुंभारमाशीनं पेटीत मातीचं घर बांधलं होतं. तेव्हा एक पट्टी एकदम खाली उतरून रडायला लागली. दत्तूनं पेटी उघडली, आत पितळेच्या बारीक जिभल्या एका रांगेत होत्या, आणि एकीच्या टोकावर मातीचा कण बसला होता. दत्तूनं तो सुईनं उडवला आणि सूर परत वर चढला. दत्तू शिवणकामाला निघून गेला. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं, की टोकाला वजन आलं की सूर खाली येतो. माती भुसभुशीत, ती पडणार. त्यापेक्षा मेण बरं. बाईच्या करंड्यात कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी होतीच.

दुपारी दादा शेताकडे गेले आणि आत्याबाई आडव्या झाल्या की आम्ही पेटी उघडत असू. पहिल्या दिवशी मेण जिभलीच्या फटीत गेलं आणि पट्टी मुकीच झाली. अक्का घाबरून पाटल्या फिरवत बसली. दुसऱ्या दिवशी मी ते खरवडून काढलं, नवं सुईच्या टोकावर घेतलं, शेकलं, आणि जिभलीच्या टोकावर थेंबभर ठेवलं. अक्कानं रे लावला, मी पट्टी दाबली. घुंई-घुंई. अजून थोडं. पुन्हा. आता थरथर हळू झाली, झोपाळा थांबायला येतो तशी. अजून कणभर. आणि एकदम ती थांबली. अक्काचा आवाज कुठे संपला आणि पेटी कुठे सुरू झाली ते सापडेना. अक्का गाता गाता हसली आणि सूर मोडला. त्या दुपारी मला श्रुती म्हणजे काय ते कळलं. कोणी समजावून दिलं असतं तर कळलं नसतं.

बाईला आठवडाभरात पत्ता लागला. डबी बोटानं चाचपत ती म्हणाली, "मेण कोण खाऊन राहिलं घरात?" आम्ही दोघी खाली पाहत होतो.  दुसऱ्या दुपारी डबी करंड्यात नव्हती. पेटीवर ठेवलेली होती.

आता ती सकाळ. अंगणात सडा, देवासमोर काकडा जळतोय, लोकांच्या खांद्यांवर घोंगड्या, आणि आत लाह्यांचा काला कालवला जातोय त्याचा आंबूस वास. टाळ झाले, अभंग झाले. मग दादांनी मान हलवली आणि अक्का पुढे येऊन बसली. मियाँनी तंबोरा छेडला. दत्तूनं तिच्यासाठी काळी चार धरली, म्हणजे चौथी काळी पट्टी तिचा 'सा'. देवाला उठवायची चीज होती. अक्का 'सा'वरून निघाली, सावकाश वर सरकली आणि त्या रेवर येऊन बसली. दत्तूनं पट्टी दाबली. अंगण शांत झालं. थरथर नाही, काही नाही. मियाँनी पटकन डोळे उघडले. पेटीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, मग सरळ माझ्याकडे. मी टाळ वाजवणाऱ्या माणसांकडे अतिशय लक्ष देऊन पाहत होते. दादांनी मांडीवर थाप मारली.

"बराबर," ते म्हणाले. "एकदम बराबर."

चीज संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की शिक्षण पुढे चालू. आत्याबाईंनी पदर सारखा केला. अक्कानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

इथे उठायला पाहिजे होतं. पण कार्यक्रम भैरवीनं संपवायचा ही रीत, आणि आमच्या गावात शेवटची भैरवी दादांची. ती दुसऱ्या कोणी म्हणायची नाही. मी जिभलीचा सगळा विचार केला होता, पण एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. दादांचा 'सा' काळी चारवर नव्हता, तो खाली काळी एकवर होता. तिथून मोजत गेलं की जी पांढरी पट्टी अक्काचा रे होती, तीच दादांचा धैवत, म्हणजे 'ध', होत होती. आणि भैरवीत धैवतावर थांबल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. दादा तर तिथे जेवायला बसल्यासारखे बसत.

ते डोळे मिटून, हात पुढे करून धैवतावर चढले. पेटी त्यांच्या खाली लागली. दादा थांबले. घसा साफ केला, पुन्हा चढले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय कोणी केलं नसतं. पेटी चुकत नाही अशी त्यांची श्रद्धा, म्हणून त्यांनी आपला आवाज ओढून पेटीपाशी खाली नेला. पाटील खाली गेले म्हणून मंडळही खाली गेलं. विहिरीत मोट सोडावी तसा अख्खा गाव एका सुरात हळूहळू खाली उतरला. मियाँनी रुमालानं तोंड झाकलं, त्यांचे खांदे हलत होते.

"किसना," आत्याबाई म्हणाल्या, "पडसं झालं काय रे तुला?"

दादांनी गाणं थांबवलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता. पायली भरताना तळ फुटलेला आढळावा तसा होता. "गोदे," ते म्हणाले, "ही जागा तू म्हण. माझ्या पट्टीत."

अक्काला सगळं कळलं होतं, तिचा चेहराच सांगत होता. ती पेटीप्रमाणे खाली गायली असती तर दादा चुकले ठरले असते, ती जुळली ठरली असती आणि तिचं शिक्षण वाचलं असतं. खरा धैवत गायली तर ती पुन्हा पेटीशी न जुळलेली पोरगी होणार होती. आत्याबाई पुढे झुकून बसल्या. अक्कानं एकदा तंबोऱ्याकडे पाहिलं आणि दादांच्या पट्टीत, मोकळ्या आवाजात, धैवत लावला. तो दादांचाच होता, नेहमीचा. पेटीच्या वर. दत्तूनं पट्टी दाबली आणि सगळ्या अंगणाला ती घुंई-घुंई ऐकू आली.

"झालं," आत्याबाई म्हणाल्या. "मघाशी पेटी खरी होती, मग आता पोरगी खोटी. का पेटीच खोटी? मग मघाचा निकाल कशाला धरून दिला तू? एक काय ते सांग."

दादांनी दत्तूला पेटी उघडायला लावली. दत्तूनं झाकण काढलं आणि तो बाजूला सरकला. दादा वाकले. पितळी जिभलीच्या टोकावर मेणाचा थेंब होता, आणि त्याच्यात कुंकवाचा लाल रंग स्पष्ट दिसत होता. अंगणातल्या सगळ्या पुरुषांनी सगळ्या बायकांच्या कपाळांकडे पाहिलं.

मी उठून उभी राहणार एवढ्यात दारातून बाई म्हणाली, "मेण माझं हाये." हातात काल्याचं पातेलं होतं, आवाज नेहमीचा. "हात नरमीचा. पण मेण माझं."

दादा माझ्याकडे वळले. किती दिवस, कशानं, अक्काला ठाऊक होतं का, त्यांनी एकामागून एक विचारलं आणि मी क्रमानं सांगितलं. थरथर कशी थांबवली तेही सांगितलं, कारण त्याचा मला अभिमान होता. ते ऐकताना त्यांनी दत्तूला दोनदा ती पट्टी दाबायला लावली. मग मियाँना विचारलं की भैरवातली जागा आणि पेटीची मूळ जागा, यातली खरी कोणती.

"दोनों सच्चे हैं, पाटीलसाब," मियाँ म्हणाले. "अपने-अपने राग में."

दादांनी पेटीचं झाकण लावलं. मला वाटलं आता तंबोरा माळ्यावर जाणार. पण ते आत्याबाईंकडे वळले आणि मापाचा निकाल देतानाच्या आवाजात बोलले. "तीळ आपण सपाट मापतो आणि ज्वारी शीग लावून. पायली तीच. शीग किती लावायची ते पायलीला कळत न्हाई, मापणाऱ्याला कळतं." मग म्हणाले, "पेटीला एकच जागा ठावी हाये. पोरीला दोन्ही ठाव्या हायेत. शिकू दे तिला."

आत्याबाईंनी काला घेतला नाही. दोन दिवसांनी त्या साखऱ्याला गेल्या, आणि बाईनं त्यांच्या शिदोरीत धपाटे दिले ते नेहमीपेक्षा जास्त.

अक्का शिकत राहिली. मधे ती धामधूम झाली. रझाकारांच्या दिवसांत आम्ही घर सोडून वऱ्हाडात गेलो तेव्हा दादांनी पायली गावात ठेवली आणि पेटी गाडीत कडब्याखाली घातली. हे कोणी त्यांना बोलून दाखवलं नाही. मियाँ कुठे गेले ते आम्हांला कळलं नाही. अक्कानं खूप चौकशी केली, मीही केली.

त्या सकाळी काला वाटून झाल्यावर दादांनी मला एक काम सांगितलं होतं. तू लावलंस, तूच काढ. दत्तूच्या सुईनं पाच मिनिटांचं काम. पण दुसऱ्याच दिवशी मियाँ येणार होते, अक्काला पेटीवर तो रे पाहिजे होता. मग तिची तयारी, मग तिचं लग्न, मग ती माहेरी आली की रोज सकाळी. दादा दर काकड्याला विचारत, "मेण काढलं का गं?" मी नाही म्हणाले की म्हणत, "बरं, उद्या काढ." आणि भैरवी म्हणायला बसत. दत्तू त्या धैवताला बोट उचलून घेई, पेटी गप्प होई, आणि तेवढी जागा दादा नुसत्या गळ्यानं भरत. आता दादा नाहीत, दत्तू नाही, गावानं दोन ओळींच्या सुरांची नवी पेटी आणली आहे. परवा समाप्तीला गेले होते. तो तरुण वाजवणारा भैरवीत धैवत आला की बोट उचलतो. का उचलतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, आमच्याकडं असंच असतं.

जुनी पेटी माझ्याकडे आहे. या आठवड्यात उरकायच्या कामांत रजईला अस्तर लावणं झालं, तिळाचं कूट झालं, पाण्याच्या टाकीला रंग झाला. मेण काढायचं राहिलं आहे. पुढच्या आठवड्यात अक्का येतेय.